मुळमुळ्यांनी कावळ्याला दिलेला शब्द

वसंतराव मुळमुळ्यांना त्यांचं आडनाव कधीच शोभलं नाही. मुळमुळीत म्हणावं असं त्या माणसात काही नव्हतंच. भोपाळजवळ मंडीदीपच्या एका कारखान्यात त्यांनी उभी नोकरी माल तपासण्यात घालवली. तयार नग समोर आला की वसंतराव त्याला मापाचं गेज लावणार, आणि केसाएवढी खोट सापडली की बाजूला फेकणार. निवृत्त झाल्यावर गेज कारखान्यात राहिलं, नजर तेवढी घरी आली. मग मिसरोदच्या कॉलनीची तपासणी सुरू झाली. कुणाची नवी गाडी आली, सगळे पेढे खातायत, तर हे वाकून बघणार आणि म्हणणार, "मागच्या दरवाज्याची फट खाली जास्त आहे." गणपती बसला की सोंडेच्या बाकात खोट काढणार. समोरच्यांच्या नातवाचं बारसं चाललेलं, बायका पाळणा म्हणतायत, आणि वसंतराव पाळण्यात डोकावून, "एक कान जरा बाहेर आलाय, नाही?" आता कान खरोखरच बाहेर होता, चीड यायची ती त्याचीच.

या माणसाबरोबर कमलिनीबाईंनी चाळीसेक वर्षं काढली. त्या शाळेत चित्रकला शिकवायच्या. गोड बाई, बोलणं हळू. पोळी एका कडेला जाड आहे असं ताटावरून ऐकू आलं की ती पोळी स्वतःच्या ताटात घ्यायच्या आणि दुसरी वाढायच्या. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, वहिनी, एकदा लाटणं दाखवा त्यांना. त्या हसून म्हणायच्या, "अहो, जाड होती खरंच."

शाळेतून निवृत्त झाल्यावर कमलिनीबाईंना एक नवाच नाद लागला. जगभरातले लोक रानावनात काढलेले फोटो एका संकेतस्थळावर टाकतात आणि हे काय आहे सांगा, म्हणून वाट बघत बसतात. ज्याला कळतं तो नाव सुचवतो. दुसऱ्याला पटलं तर तो दुजोरा देतो, नाही पटलं तर हरकत घेतो. कमलिनीबाई फुलपाखरांची नावं सुचवायला लागल्या. आणि कुठली फुलपाखरं, तर दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज डोंगरावरची. गल्लीत यावर एकमत होतं की बाई हुशार आहे. भोपाळचं फुलपाखरू चुकवलं तर कुणीतरी दारात येऊन वाद घालेल, अँडीजहून कोण येतंय?

खरं कारण असं की तिथली निळीजांभळी, चमकणारी फुलपाखरं सगळ्यांना हवी असतात. पण उंचावर, धुक्यात, डोंगरी बांबूच्या बेटांभोवती तपकिरी फुलपाखरांचं एक मोठं खटलं आहे. सगळी चहाच्या चोथ्याच्या रंगाची, बसतात शेणावर नाहीतर कुजक्या मासळीवर. त्यांच्याकडे कुणी फारसं बघत नाही, म्हणून त्यांचे फोटो बिननावाचे साचून राहतात. कमलिनीबाईंना तपकिरीतले तपकिरी वेगळे काढता यायचे. लॅटिन नावं त्यांना पाठ होती, पण घरात त्यांनी साडीवरून नावं ठेवली होती. मागच्या पंखाला तांबूस पट्टी असलेली ती 'काठाची'. पंख मिटल्यावर खालच्या अंगाला पांढुरका ठिपका दिसतो ती 'टिकलीची'. अशा बऱ्याच. वसंतराव पेपरमागून म्हणायचे, "तिकडच्या बायका ओळखतेस, इकडे शेजारीण नमस्कार करून गेली तरी पत्ता नसतो."

कोलंबियातल्या एका डोंगरात रोसाल्बा नावाची बाई राहते, तीही निवृत्त मास्तरीण. तिच्या घरामागे बांबूचं बेट आहे. त्या पानांखाली तिला बारकी, गोल, साबुदाण्यासारखी अंडी सापडली. तिने ती पानासकट बरणीत ठेवली आणि एकेक अवस्थेचा फोटो टाकायला लागली. आधी हिरवी अळी, डोक्यावर दोन शिंगं, शेपटीला फाटा. मग कातडी टाकत टाकत वाळल्या पानासारखी झालेली तीच अळी, दिवसा देठाला चिकटून मेल्यासारखी पडून राहणारी. मग उलटा टांगलेला कोष. थंड हवेत हे सगळं महिनोन्महिने चालतं. आणि ही अळी कोणाची, हे त्या संकेतस्थळावर कुणालाच सांगता येईना. फुलपाखरं ओळखीची, पोरं अनोळखी, असा प्रकार.

कमलिनीबाईंनी नाव सुचवलं, काठाची. त्यांचं म्हणणं असं, की रोसाल्बाच्या प्रत्येक फोटोत त्या बेटापाशी काठाचीच घिरट्या घालताना दिसते. जी दाराशी घुटमळते तिचीच पोरं असणार. तिकडच्या एका विद्यापीठातल्या प्रोफेसराने हरकत घेतली. अळीच्या शिंगांवरून ही टिकलीची वाटते, म्हणाला. कमलिनीबाईंनी आयुष्यात पहिल्यांदा वाद घातला, तोही इंग्रजीत, शब्दकोश मांडीवर घेऊन. त्याने पुन्हा हरकत घेतली.

त्या सकाळी वसंतराव चहाचा कप ठेवायला वाकले आणि बायकोच्या खांद्यावरून फोनकडे एक नजर टाकली.

"तो साहेब बरोबर आहे. तुझं चुकतंय."

"तुम्हाला काय दिसलं त्यात?"

"चुकतंय एवढं दिसतंय."

कमलिनीबाईंनी फोन पालथा ठेवला. त्यानंतर आठवडाभर त्या घरात बोलणं झालं ते फक्त भाजी कुठली आणि मोटर बंद केली का, एवढंच.

कमलिनीबाईंच्या पोटातली गाठ सापडली ती त्याच वर्षी पावसाळ्यानंतर. सापडली तेव्हा फार पसरली होती. डॉक्टरांनी हैदराबादहून संपदाला, म्हणजे मुलीला, बोलावून घ्यायला सांगितलं, त्यावरून सगळ्यांना कळलं. इस्पितळात वसंतराव मोसंबी सोलत बसायचे. फोडीवरचा पांढरा दोरा न् दोरा काढायचे, तोवर कमलिनीबाईंची खायची इच्छा जायची.

अशाच एका दुपारी त्या फोन बघत म्हणाल्या, "अहो, रोसाल्बाच्या कोषातून माश्या निघाल्या."

"फुलपाखराच्या कोषातून माश्या?"

"माशीने अळीच्या अंगात अंडी घातली होती. अळी चालत होती, खात होती, वेळेवर कात टाकत होती. आत हे चाललं होतं." त्यांनी फोन उशाशी ठेवला. "आता ती कोणाची होती, कळायचं नाही."

वसंतराव दोरे काढत होते.

"तुम्ही त्या दिवशी म्हणालात ना, माझं चुकतंय. बघून म्हणालात की असंच?"

असंच, हे खरं उत्तर होतं. वसंतराव म्हणाले, "बघू."

"एकदा नीट बघून सांगा. तुमचं बघणं चांगलं आहे."

संपदा पोचली, आणि त्यानंतर कमलिनीबाई फार दिवस राहिल्या नाहीत.

दहाव्याला सगळे नर्मदेच्या घाटावर गेले. भोपाळच्या मराठी लोकांचं हे एक आहे, बाकी सगळं इकडच्यासारखं झालं, नागपूरहून आणलेल्या मराठीत निम्मी हिंदी शिरली, पण दहाव्याला कावळा शिवल्याशिवाय पाय निघत नाही. पिंड मांडला. वसंतराव म्हणाले, एका बाजूला चपटा झालाय. गुरुजींनी तो पुन्हा वळून दिला. मग सगळे हात जोडून उभे राहिले आणि कावळा येईना.

संपदा म्हणाली, "आई, बाबांना मी एकटं पडू देणार नाही." कावळा पिंपळावरून हलला नाही. कमलिनीबाईंचा धाकटा भाऊ गजानन, इथेच सरकारी ऑफिसात कारकून, जिभेला हाड नसलेला पण मनाने चांगला, तो म्हणाला, "ताई, भाऊजींचा डबा माझ्याकडे लागला. तुझ्या वहिनीच्या हातचा आहे, आता तेवढं त्यांना सोसावं लागेल." कावळ्याने मान दुसरीकडे केली. एक नावाडी कंटाळून बघत होता, तो म्हणाला, "बाबूजी, कौए तो सवेरे-सवेरे आके निकल जाते हैं." ऊन चढलं. गुरुजींकडे दुसरी मंडळी ताटकळत होती. ते हळूच दर्भाचा कावळा वळायला बसले.

तेव्हा वसंतराव पुढे झाले आणि पिंडाकडे बघत म्हणाले, "ते फुलपाखरू ओळखून टाकतो. नीट बघून."

कुणाला काही कळलं नाही. पण कावळा खाली आला, पिंडाभोवती दोन उड्या मारल्या आणि चोच घातली. संपदा रडायला लागली. गुरुजींनी दर्भ टाकून दिला.

आता खरी गोष्ट. पत्रावळ वाऱ्याने सरकली म्हणून गजानन मध्येच वाकला होता, आणि वाकताना त्याने खिशातली चिमूटभर रतलामी शेव पिंडाच्या कडेला ठेवली होती. घाटावर भूक लागते म्हणून पुडी घेऊन गेला होता. हे कुणाला सांगू नका, अशी शपथ घालत त्याने ते एकेकाला सांगितलं, त्यामुळे आठवड्याच्या आत अख्ख्या गल्लीला ठाऊक झालं. ठाऊक नव्हतं ते फक्त मुळमुळ्यांना, असं सगळे धरून चालले.

संपदा हैदराबादला गेली. वसंतरावांना घेऊन जाण्याचं बोलणं झालं, त्यांनी तिच्या फ्लॅटच्या बाल्कनीचा कठडा फोटोत बघितला आणि नाही म्हणाले. आणि मग तो माणूस बायकोचा फोन घेऊन बसला. सकाळी अंघोळ करून, चष्मा पुसून, कारखान्यात बसायचे तसा ताठ. आधी त्यांनी कमलिनीबाईंनी सुचवलेली जुनी नावं उघडली. एकेक फोटो मोठा करायचा, पंखाच्या शिरा, कड, ठिपका बघायचा, मग बाकीच्यांनी काय म्हटलंय ते वाचायचं. दिवाळी गेली, होळी गेली, वसंतराव तपासतायत. गल्लीत कुणाच्या गाडीची फट आता निघेना. नवे भाडेकरू आले, त्यांनी दाराला भडक पोपटी रंग दिला, वसंतराव समोरून गेले आणि बोलले नाहीत, तेव्हा लोकांना काळजी वाटली.

रोसाल्बाला त्यांनी निरोप लिहिला. मराठीत लिहायचं, फोन त्याची स्पॅनिश करतो. तिचं उत्तर फोनने मराठीत आणलं ते असं: "आदरणीय सज्जन वसंत, तुमच्या पत्नीच्या मरणाने माझे स्वयंपाकघर शांत आहे." वसंतरावांनी ते वाक्य परत परत वाचलं. भाषांतर बरोबर आहे का, ते तपासायला काही साधन नव्हतं.

त्यांनी तिला विनंती केली, पुन्हा अंडी सापडली तर वाढवा. सापडली. अळ्याही तशाच, दोन शिंगांच्या निघाल्या, आणि मग दर काही दिवसांनी फोटो यायला लागला. भोपाळमध्ये कूलरसमोर घामाघूम बसून मुळमुळे धुक्यातल्या बरणीतली अळी बघायचे. गल्लीला हे कळायला वेळ लागला नाही. वसंतरावांचा अमेरिकेच्या बाईशी पत्रव्यवहार आहे, ती रोज फोटो पाठवते. कुणाचे फोटो, ते सांगायची कुणाला गरज वाटली नाही. बातमी हैदराबादपर्यंत पोचली. संपदाचा फोन आला, आवाज जपून वापरत, "बाबा, तुम्ही बरे आहात ना? कोणी पैसे वगैरे मागत नाही ना?"

"अळीला बुरशी लागली," वसंतराव म्हणाले. "दोन गेल्या."

त्या दिवसापासून डब्याचं अर्धं अन्न परत यायला लागलं. एक अळी बरणीतल्या पाण्यात पडून मेली. एक नीट वाढली आणि कोषाच्या आधीच काळी पडली. शेवटी एकच कोष टांगला गेला. वसंतरावांनी रोसाल्बाला विचारलं, आत माश्या आहेत की नाहीत हे कसं ओळखायचं? तिचं उत्तर आलं, "ओळखता येत नाही, सज्जन. वाट पाहतात."

गजाननाला ते बघवेना. एका रविवारी डबा घेऊन तो स्वतः आला, ताट वाढलं, समोर बसला.

"भाऊजी, तुमची माफी मागायची आहे."

"भाजीत मीठ नाही, त्याची?"

"काहून मस्करी करता. घाटावरची." त्याने मान खाली घातली. "तो कावळा तुमच्या बोलण्याने नाही आला जी. शेव ठेवली होती मी. तुम्ही त्या फुलपाखरापायी जीव काढताय, आणि ताईचं त्यात काही नव्हतंच. सोडा आता."

वसंतरावांनी घास तोंडात घातला, चावला, गिळला.

"दिसलं होतं मला."

"काय?"

"शेव. पिवळी शेव पांढऱ्या भातावर दिसणार नाही होय? जन्मभर काय केलं मी?"

"मग बोलला का नाही तेव्हाच?"

"ऊन वाढलं होतं. तुझ्या ताईला ऊन सोसायचं नाही." त्यांनी पाण्याचा पेला उचलला. "आणि शब्द मी काही शेवेला दिला नव्हता."

गजानन त्या दिवशी कुणालाच काही न सांगता घरी गेला. पुढे हे जे बाहेर आलं, ते त्याच्या बायकोकडून.

कोष फुटला तो इथे नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात कडक नऊ दिवस, चालू असताना, भोपाळ भाजून निघत होतं तेव्हा. सकाळी फोटो आला होता. रिकामं कवच, त्याला लटकलेलं ओलसर तपकिरी फुलपाखरू, पंख मिटलेले. माश्या नव्हत्या. आणि खालच्या अंगाला, स्वच्छ, पांढुरका ठिपका.

वसंतरावांनी फोटो मोठा केला. आणखी मोठा केला. काठ कुठे दिसतोय का, ते शोधायला लागले. उजेडामुळे दिसत नसेल. ओल्या पंखाला नंतर येत असेल. रोसाल्बाकडे दुसरा फोटो मागितला, पंख वाळल्यावरचा. तो आला. त्यातही टिकली होती, काठ नव्हता. जन्मभर चांगल्या नगात खोट शोधणारा माणूस ती सबंध सकाळ खोट्या ठरलेल्या नगात चांगलं काही सापडतंय का बघत बसला. बांबूपाशी ज्या काठाच्या घुटमळत होत्या, ते प्रोफेसरच्या मते नुसते उन्हाला बसणारे नर होते. ते वसंतरावांनी पूर्वीच वाचलं होतं आणि त्यावर विश्वास ठेवला नव्हता.

फोटोखाली रोसाल्बाने लिहिलं होतं, "मी हे अजून कुणाला दाखवलेले नाही. कमलिनी मला बहीण म्हणत असे. तुम्ही सांगाल तर हे फुलपाखरू माझ्या घरातच राहील."

संध्याकाळी गजानन आला, त्याने फोटो बघितला, ठिपका त्यालाही दिसला. "मग राहू द्या ना घरात. तिकडे काठाची म्हणून लिहिलंय ना ताईने? लिहिलेलं राहू द्या. कोण येतंय भोपाळात पंचनामा करायला?" त्याने संपदाला फोन लावला आणि स्पीकर चालू केला. तिला मामाचंच पटलं.

"बाबा, आईच्या नावावर एक फुलपाखरू चुकीचं राहिलं तर कुणाचं काय बिघडणार आहे?"

"काही बिघडत नाही," वसंतराव म्हणाले.

"मग? जन्मभर तिचं चुकलं म्हणालात. आता ती नाहीये तरी?"

गजाननाने फोनवर हात ठेवायचा प्रयत्न केला. वसंतरावांनी तो बाजूला केला. संपदाने दोनदा हॅलो म्हटलं.

"तिने बघायला सांगितलं होतं," ते म्हणाले. "बरं वाटेल असं बोलायला नव्हतं सांगितलं. तेवढं एक मी तिच्या मनासारखं करू शकतो."

संपदाने फोन ठेवला. रागाने की रडू आलं म्हणून, ते मामालाही सांगता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी रोसाल्बाला कळवलं, फोटो टाका. तो टाकला गेल्यावर कमलिनीबाईंच्या फोनवरून, कमलिनीबाईंच्याच खात्यातून, त्यांनी ते जुनं नाव मागे घेतलं. तसं केलं की संकेतस्थळ नाव पुसत नाही, त्यावर आडवी रेघ मारतं. शेजारी कमलिनीबाईंचा चिमुकला फोटो, शाळेच्या निरोप समारंभातला, आणि समोर रेघ मारलेली काठाची. मग त्यांनी त्याखाली टिकलीचीचं लॅटिन नाव एकेक अक्षर ताडून लिहिलं. शब्द पुरा झाला. काही हलकं वाटेल असं त्यांना वाटलं होतं बहुतेक, कारण ते तसेच खुर्चीत बसून राहिले, कूलरमधलं पाणी संपून नुसतं गरम वारं यायला लागलं तरी.

जेवायच्या सुमारास फोन वाजला. तिकडे मध्यरात्र उलटली तरी जागा असलेला तो प्रोफेसर. त्याने इंग्रजीत लिहिलं होतं, "धन्यवाद, कमलिनी. तुम्ही पुन्हा दिसलात, आनंद झाला. मला वाटत होतं, माझ्या हरकतीमुळे तुम्ही रागावून सोडून गेलात."

वसंतरावांनी उत्तर लिहायला घेतलं. ते भाषांतराच्या भरवशावर सोडलं नाही. मांडीवर बायकोचा शब्दकोश घेतला आणि दुपारभर लिहीत, खोडत बसले. गजानन डबा न्यायला आला तेव्हा त्यांनी ते त्याला वाचायला दिलं, इंग्रजी ठीक आहे का बघ म्हणाले. त्यात होतं ते एवढंच: कमलिनी मुळमुळे गेल्या वर्षी वारल्या. दुरुस्ती त्यांच्या नवऱ्याने केली आहे. त्यांनी ओळखलेली बाकी सगळी फुलपाखरं मी स्वतः एकेक करून तपासली. त्यात चूक नाही.

गजाननाने ते दोनदा वाचलं. "हे ताईला कधी बोलला होता का भाऊजी?"

वसंतरावांनी फोन परत घेतला आणि निरोप पाठवून दिला.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. शब्द नव्हते, नुसता पिवळा अंगठा होता. वसंतरावांनी तो मोठा करून बघितला आणि गजाननाला विचारलं, याचा अर्थ काय?

"म्हणजे त्याने वाचलं."

"एवढंच?"

"एवढंच, भाऊजी."

वसंतरावांनी मान हलवली. मग त्यांनी डबा उघडला आणि जेवायला बसले.